घाम न फुटलेला माठ

१

सकाळी आठ वाजता सरिता रामटेके यांनी सहाव्या माठात थर्मामीटर सोडलं, मनातल्या मनात साठपर्यंत मोजलं, बाहेर काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि ते पुन्हा पाण्यात सोडलं. मूल गावातल्या एका शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलेल्या या बाईंची जुनी सवय होती. न पटणारा आकडा आला की दोष आधी आपल्या हाताला द्यायचा, मग काचेला, आणि निसर्गाला अगदी शेवटी.

दुसऱ्यांदाही तोच आकडा आला. अठ्ठावीस.

बाकीच्या अकरा माठांतलं पाणी बावीस ते चोवीस अंशांच्या मध्ये होतं. सगळे माठ एकाच मांडवात रात्रभर बसलेले, सगळ्यांत एकाच हापशीचं पाणी, सगळ्यांखाली एकाच ट्रॅक्टरची वाळू. आणि अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत ज्यांच्या हातच्या माठाची शपथ घ्यावी, त्या झिंगूभाऊंचाच माठ कोमट निघाला होता.

मूलजवळच्या मैदानावर भरणारा हा माती महोत्सव म्हणजे आमच्या भागाची शान. आमच्याकडे ऊन असं की मार्चमध्येच कावळेही सावली धरून बसतात, तेव्हा माठाची कदर आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. तीन दिवस, तीन विषय: दिवा, पाखरांसाठी पाण्याचं परळ आणि मानाची स्पर्धा ‘गार पाणी’, जिचा निकाल सरिताबाईंचं थर्मामीटर देणार. मडकी विकून आणि देणगीतून जे जमेल, त्यातून जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या बायांसाठी गावोगाव पाणपोया उभ्या राहायच्या होत्या. त्या सगळ्या पाणपोयांचे माठ कोणी घडवायचे? ‘गार पाणी’ जिंकणाऱ्याने.

झिंगूभाऊंनी महिन्याभरापूर्वीच जाहीर करून टाकलं होतं, "हे काम भेटलं तं माहा आवा पेटन. नाई तं इझला समजा." आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. त्यांच्या गावात कधीकाळी नऊ आवे होते, आता एकच उरला होता.

बातमी ऐकून सत्तरीचे झिंगूभाऊ तरातरा मांडवात आले. माठाच्या पोटावर त्यांनी तळवा ठेवला आणि वाळूत बोट खुपसलं.

"कोरडा हाय," ते म्हणाले. "याले घामच फुटला नाई. कोनं तरी माह्या माठाचा जीव घेतला."

मग ते वळले आणि तरण्या प्रफुलकडे बोट दाखवून गरजले, "यानं!"

२

प्रफुलकडे बोट जाणं साहजिक होतं. पोरगा कुंभाराचाच, पण बाहेर जाऊन शिकून आलेला. विजेवर फिरणारं चाक, रंगाच्या डब्या आणि मोबाइलवर आपल्या मडक्यांचे फोटो. त्याचा माठ बावीस अंशांवर पहिला होता आणि झडतीत त्याच्या पिशवीत मेणाची अर्धी वडी सापडली होती. मेण चोळलं की माठ पाझरत नाही.

महोत्सवाचे अध्यक्ष वामनराव राइस मिलचे मालक. तांदळाची पोती हलवावीत तशी माणसं हलवायची त्यांना सवय.

"प्रफुलले बाहेर काढून टाकू आन मोकळे होऊ," ते म्हणाले.

"काढा," सरिताबाई शांतपणे म्हणाल्या. "पण मेणानं झालं हे आधी सिद्ध करा. नाई तर उद्या माझ्या थर्मामीटरवर पण कोणी विश्वास ठेवणार नाई."

वामनरावांनी घड्याळ पाहिलं. "बारा वाजेपर्यंत. बारानंतर कमिटी बसन आन निकाल देईन."

बाईंनी पाण्याचा एक थेंब माठाच्या बाहेरच्या अंगावर सोडला. मेण किंवा तेल चोळलं असतं तर थेंब मण्यासारखा घरंगळला असता. इथे मातीने तो घटकन पिऊन टाकला.

"बाहेरून माती उघडीच आहे," बाई पुटपुटल्या. "म्हणजे काय झालं ते आतून झालं."

त्यांनी माठ रिकामा करवून घेतला आणि आत हात घातला. बोटांना तेल लागलं नाही. आतली भिंत मात्र गुळगुळीत लागली, नव्या माठाची असते तशी खरखरीत नव्हती. काठ बघितला तर आरतीचं ताट पुसावं तसा स्वच्छ पुसलेला. आणि वाळूवरून बारीक काळ्या मुंग्यांची रांग इमानेइतबारे फक्त याच माठाकडे निघाली होती.

मेणाला मुंग्या लागत नाहीत. बाईंनी मनात पहिली गाठ मारली.

"मेन दिव्याच्या साच्याले लावतो मी," प्रफुल सांगत होता. "बाई, मी झिंगूबाबाच्या माठाले हात लावन काय? लहानपनी त्याईच्याच चाकापाशी बसून मी शिकलो. मले त्याईले हरवाचं हाय, पन त्याईच्या माठाले मारून नाई."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. खोटं बोलणारी शेकडो पोरं त्यांनी प्रयोगशाळेत पाहिली होती, फुटलेली परीक्षानळी पाठीमागे लपवून उभी राहणारी. हा पोरगा तसा उभा नव्हता.

३

झिंगूभाऊ मांडवाबाहेर बाजेवर बसले होते. रडायचं नाही असं ठरवलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"भाऊ, काल दुपारी माठाजवळ कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"परीक्षेसाठी सगळ्यायचे माठ भरले होते, तडा गेला का नाई पाहाले. तवा सगळेच होते. मंग रिकामे करून उन्हात ठेवले. मी जेवाले गेलो."

"आणि राखण?"

"ते आयुषची बायको बसली होती." आयुष त्यांचा एकुलता एक मुलगा, चंद्रपूरला गाडी चालवणारा. वर्षभरापूर्वी त्याने कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावातून रिना नावाची मुलगी स्वतःच्या मनाने पसंत करून आणली. झिंगूभाऊंनी तिला घरात घेतलं, पण वर्षभरात सून म्हणून हाक मारली नव्हती, की माठाच्या कामाला हात लावू दिला नव्हता. ‘आयुषची बायको’ यापुढे जीभ सरकत नव्हती.

"त्या परीक्षेत काही झालं होतं का?"

"काय होनार? माहा माठ भरला का लगेच पाझरते. खाली वल पसरली. वामनराव हासून म्हने, झिंगूभाऊ, तुमचा माठ तं गळून राह्यला, गळका माठ बाद करा लागन! आमी सारे कुंभार हासलो. त्याले काय समजते? पाझरला नाई तं गार कसा होईन?"

बाईंनी दुसरी गाठ मारली आणि वामनरावांना गाठलं. लग्नाकार्याला थंड पाण्याचे जार पुरवायचा त्यांचा जोडधंदा होता. मातीचे माठ गावोगाव पोचले, तर जारवाल्याला काय आनंद होणार?

"बाई, मी मस्करी केली होती," वामनराव चिडले. "जार इकतो म्हनून माठ मारन काय? माह्या घरी जाऊन पाहा, मी सोता पानी झिंगूच्याच माठातलं पेतो. जारच्या पान्यानं माहा गळा बसते."

हे मात्र त्यांनी इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून सांगितलं. बाईंना हसू आलं. इतकं नुकसानीचं सत्य माणूस उगाच सांगत नाही.

मग त्यांनी पर्समधून जखमेला लावायच्या आयोडीनची बाटली काढली. माठाच्या आतल्या भिंतीवर कापसाने एक ठिपका दिला. तपकिरी ठिपका बघता बघता जांभळा झाला, मग पार काळाकुट्ट. शेजारच्या माठात तसाच ठिपका दिला, तो तपकिरीच राहिला.

तीस वर्षं मुलांसमोर बटाट्याच्या फोडीवर हाच प्रयोग व्हायचा. सर शिकवायचे, बाटल्या मांडायच्या सरिताबाई. स्टार्च असेल तिथे आयोडीन काळं पडतं. आणि या भाताच्या मुलखात स्टार्च म्हटलं की एकच गोष्ट आठवते. पेज. भात शिजला की वरची निवळ.

महोत्सवाच्या रांधणघरात पाचशे माणसांचा भात शिजत होता. तिथे रंभाबाईंचं राज्य होतं.

"काल पेज कोणी नेली, रंभा?"

"लय जनं नेतात. वामनरावाले पथ्य हाय, त्याईचा डबा जाते. प्रफुलनं लोटाभर इथीच उभ्यानं पेली. आन झिंगूभाऊची रोजची."

"उकळती कोणी मागितली? चुलीवरून उतरवल्याबरोबर?"

रंभाबाईंनी झारा खाली ठेवला, थोडा विचार केला आणि नाव सांगितलं. सरिताबाई तिथेच पाटावर बसल्या. साडेअकरा वाजले होते आणि हे नाव कमिटीपुढे घ्यायची त्यांना अजिबात इच्छा नव्हती.

४

रिना मांडवाच्या मागे परळं धूत होती. वीस-बावीस वर्षांची, काटक, कमी बोलणारी.

बाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. "पोरी, तुझ्या माहेरी पाणी कशात ठेवतात?"

"तुंब्यात," रिना म्हणाली. "वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा. जंगलात जाताना खांद्याले लटकवाचा. घरी हंडा."

"माठ नाई?"

"नाई. मातीचं फक्त रांधाचं मडकं."

"आणि नवं मडकं घरी आलं की?"

रिनाचे हात थांबले. तिला प्रश्न कळला होता, आणि प्रश्नामागचा प्रश्नही. "आई त्याले पेज पाजे," ती हळूच म्हणाली. "उकळती पेज वतून ठेवाची. थंडी झाली का फेकून पुन्हा वताची. मंग उनात वाळवाचं. मडकं कधी गळत नाई."

"तू कितीदा पाजलीस?"

"दोनदा." आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या साहेबानं सगळ्यायसमोर म्हनलं, माठ गळते, बाद करू. बाबा हासले, पन मले वाटलं ते लोकायपुढं उगाच हासून राह्यले. खाली केवढी वल झाली होती, बाई! मले वाटलं, मीनं गळती बुजवली तं माठ बाद होनार नाई. सकाळी बाबा म्हनाले कोनं तरी जीव घेतला, तवा समजलं का तो म्याच घेतला."

बाईंनी तिचा ओला हात हातात घेतला. सकाळपासून त्यांना एक गोष्ट सलत होती. माठाचं वाईट करायचं तर एक खडा पुरे होता, तेलाचा एक बोळा पुरे होता. इतकी मेहनत कोण घेईल? काठ असा मायेने कोण पुसेल? वैऱ्याने वाईट केलं असतं, तर ते इतकं चांगलं केलं नसतं. आणि बारा कुंभारांपैकी कोणीही ती मस्करी खरी मानली नसती. ती खरी मानणारं माणूस माठाच्या धंद्यात नवं हवं, आणि या माठासाठी जीव टाकणारंही हवं. असं सगळ्या मैदानात एकच माणूस होतं.

"बाबा मले घरात ठेवतीन काय, बाई?" रिनाने विचारलं.

बाईंनी पदराने तिचे डोळे पुसले.

"मी कमिटीला कसं झालं ते सांगीन," बाई म्हणाल्या. "कोणी केलं ते नाई सांगणार."

तेवढ्यात भोंग्यातून वामनरावांचा आवाज आला. कमिटी बसली होती.

५

सरिताबाईंनी सगळ्यांसमोर आयोडीनचा ठिपका पुन्हा देऊन दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाटल्या मांडून बाजूला झाल्या नाहीत, स्वतः बोलल्या. ठिपका काळा पडला तशी मागची माणसं बाकांवर चढली. पेजेनं मातीची बारीक छिद्रं कशी बुजतात, छिद्रं बुजली की माठ पाझरत नाही, पाझरला नाही की वारा त्याला गार करू शकत नाही, हे त्यांनी असं सोपं करून सांगितलं की रंभाबाईसुद्धा झारा घेऊन ऐकत उभ्या राहिल्या.

"हे मेण नाही. यात प्रफुलचा काही संबंध नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "ज्यानं केलं त्यानं माठाचं भलं करायला केलं. माझं म्हणणं संपलं."

"नाव सांगा, बाई," वामनराव म्हणाले.

"नावाची गरज नाई."

"कशी नाई? नाव नाई आलं तं लोक म्हनतीन बाईनं प्रफुलले वाचवलं. पोराच्या अंगावरचा डाग तसाच राहीन."

बोलले ते वामनराव, पण बोलले ते खरं होतं. प्रफुल मान खाली घालून बसला होता.

"मीनं केलं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. रिना उभी होती. परळं धुतलेलं पाणी अजून तिच्या कोपरांवरून ठिबकत होतं. "पेज म्याच पाजली. प्रफुलदादाले काई मालूम नाई."

झिंगूभाऊ उठले. त्यांनी रिनाकडे पाहिलं, प्रफुलकडे पाहिलं, आणि मांडवाबाहेर चालते झाले.

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. आता हिला माहेरची वाट धरावी लागणार, असं दोघीतिघींनी तर ठरवूनही टाकलं.

अर्ध्या तासाने झिंगूभाऊ परत आले ते डोक्यावर गोवऱ्यांची टोपली घेऊन. टोपली त्यांनी मैदानाच्या मधोमध पालथी केली आणि वामनरावांना हाक मारली.

"तुमच्या नियमात माठ बदलाले बंदी हाय. परत भाजाले बंदी हाय काय?"

वामनरावांनी नियमांचा कागद उलटसुलट पाहिला. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"मंग झालं. पेज जळून जाईन, माती मोकळी होईन."

"आणि तडा गेला तर?" बाईंनी विचारलं. एकदा भाजलेलं मडकं दुसऱ्यांदा आगीत घालणं हा जुगार असतो, एवढं त्यांनाही कळत होतं.

"गेला तं गेला." झिंगूभाऊ प्रफुलसमोर गेले आणि सगळ्यांच्या देखत हात जोडले. "पोरा, माही जीभ घसरली. माफ कर."

प्रफुलने त्यांचे हात धरून खाली केले. "बाबा, मले तुमच्या पाझरत्या माठाले हरवाचं हाय, बुजलेल्याले नाई. गोवऱ्या कमी पडतीन. मी आनतो."

मग काय विचारता! चिमूरचे कुंभार आले, कुरखेड्याचे आले, कोणी भाताचं तणस आणलं, कोणी लाकूड. बघायला आलेल्या लोकांनी पाणपोयांच्या पेटीत भराभरा देणग्या टाकल्या, कारण असा खेळ तिकीट काढूनही कुठे बघायला मिळत नाही. आग पेटली तसा मैदानभर करपलेल्या भाताचा वास सुटला आणि सरिताबाईंना तो अत्तरापेक्षा गोड वाटला. उन्हं कलताना राख सारून माठ बाहेर काढला. झिंगूभाऊंनी बोटाच्या पेराने तो वाजवला. टण्ण आवाज आला, स्वच्छ, कुठेही न चिरकता.

प्रफुलच्याच आग्रहाने बाराही माठ त्या संध्याकाळी नव्याने भरले गेले.

६

तिसऱ्या दिवशी सकाळी सरिताबाईंनी थर्मामीटर सोडलं तेव्हा त्यांच्याभोवती श्वास रोखून दोनशे माणसं उभी होती. प्रफुलचा माठ बावीस. मग सहावा. त्याखालची वाळू काळीभोर ओली झाली होती.

बाईंनी साठ मोजले, काढलं, पाहिलं, आणि सवयीप्रमाणे पुन्हा सोडलं. दोन्हीदा तोच आकडा आला.

"साडेएकवीस," त्या म्हणाल्या, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा एखादं माप वाचून त्यांनी टाळी वाजवली.

आरडाओरडा थांबायला बराच वेळ लागला. प्रफुलने झिंगूभाऊंना खांद्यावर उचललं होतं आणि म्हातारा खाली उतरव म्हणून त्याच्या पाठीत गुद्दे घालत होता.

दुपारी बक्षीस समारंभात वामनराव माईकवर आले. मोठ्या मनाने बोलायचं असं ठरवूनच आले होते. "झिंगूभाऊच्या घरातल्या लेकराकडून एक चूक झाली. जंगलातली पोरगी, तिले काय मालूम! झालं गेलं आपन सगळे इसरून जाऊ."

रिनाने मान खाली घातली. झिंगूभाऊ ढाल घ्यायला मंचावर चढले होते. त्यांनी ढाल काखेत मारली आणि वामनरावांच्या हातातून माईकच काढून घेतला.

"इसराचं काऊन?" त्यांचा आवाज भोंग्यातून पार रस्त्यापर्यंत गेला. "कोनी इसराचं नाई! बारा कुंभार इथी बसले हायेत. त्या बारा जनायच्या नाकाखाली माह्या सुनेनं माठ बंद केला. कसा बंद केला? रातभर पानी भरून ठेवलं तं एक थेंब बाहेर आला नाई! कोनाले समजलं? कोनाले नाई. बाईले बाटली काढा लागली तवा समजलं. मी साठ वर्स माती तुडवून राह्यलो, मले असं बुजवता येत नाई. जंगलातली पोरगी म्हनता! आन नाव कोनी घेतलं नोतं, तरी दुसऱ्याच्या पोरावर डाग नोको म्हनून भर सभेत उभी राह्यली. आता पानपोयीचे माठ मी घडवीन. आन माह्या आव्यातून रांधाची मडकी निंघतीन, त्याईले पेज माही सून पाजन. अशी सून कोनाच्या घरी असन तं हात वर करा!"

मांडवात एकही हात वर झाला नाही. झिंगूभाऊंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवून खात्री करून घेतली, मग मंचावरून खाली उतरले आणि ढाल रिनाच्या ओंजळीत ठेवली.